कापूस तुमचाच

नदाफ सर वर्गात शिरले की आधी दोन्ही हात पाठीमागे न्यायचे आणि उजव्या हाताने डावे मनगट घट्ट धरून ठेवायचे. समोरचा शिक्षक कॅसेट उलटी घालू दे, प्रोजेक्टरवर चित्र खाली डोके वर पाय असे उमटू दे, सरांचे हात सुटायचे नाहीत. मान पुढे काढून ते नुसते बघत राहायचे. फार तर म्हणायचे, "हं, काय चुकलं असंल बघा." शहरातल्या एका शाळेत एक शिक्षक शेवटी वैतागून म्हणाले, "अहो नदाफ सर, हात बांधून काय उभारलाय? पोलिसानं धरून आणल्यागत! जरा हात लावा की." शिक्षकखोली हसली. सरही हसले. पण हात मागेच राहिले. म्हणाले, "माझा हात लागला की तुमचा सुटला. मी सांजच्या गाडीनं जाणार. हितं हात तुमचाच राहणार हाय."

मी कोल्हापुरातल्या एका शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत ग्रंथपाल होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी नदाफ सर आमच्याकडे बदलून आले. टेपरेकॉर्डर, स्लाइड प्रोजेक्टर, टीव्ही, आणि पुढे संगणक, ही साधने रोजच्या शिकवण्यात कशी वापरायची ते जिल्ह्यातल्या शिक्षकांना शिकवणे हे त्यांचे काम. यंत्रे ठेवायला वेगळी खोली नव्हती. ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीला दोन लोखंडी कपाटे लावली गेली आणि त्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. अशा रीतीने पुस्तकांच्या शेजारी यंत्रे आली आणि माझ्या शेजारी नदाफ सर. मी मुळात कमी बोलणारा. त्यांना ते सोयीचे वाटले असावे. दौऱ्यावरून आले की माझ्या टेबलासमोर स्टूल ओढून बसायचे, शर्टाच्या खिशातल्या डबीतून एक लवंग मला द्यायचे, एक स्वतः दाढेखाली धरायचे, आणि मग शाळेत काय झाले ते सांगायचे.

ते मूळचे मुरगूडचे. वडील पिंजारी. खांद्यावर कापूस पिंजायची कमान टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या ओसरीवर बसून त्यांच्या जुन्या गाद्या उसवायचे, दडपून दगड झालेला कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचे. सर प्रत्येक प्रशिक्षणाची सुरुवात या वडिलांपासून करायचे. "माझा बाप कुणाच्या घरी कापूस घेऊन गेला न्हाई. कापूस ज्याचा त्याचा. बाप नुसता पिंजायचा. मीबी काय आणलेलं न्हाई. कापूस तुमचाच." आणि मग फळ्याकडे पाठ करून विचारायचे, "आता खरं सांगा. कुठला धडा शिकवायला तुम्हाला नको वाटतो?"

हा प्रश्न ऐकून शिक्षक आधी एकमेकांकडे बघत. यंत्र शिकायला बोलावले आणि हा माणूस भलतेच विचारतो. मग कुणीतरी दबक्या आवाजात सांगे, मला नकाशा जमत नाही. कुणी म्हणे, इंग्रजीचा उच्चार. सर ते वहीत लिहून घ्यायचे आणि त्या एकाच धड्यावर त्या शिक्षकाला दोन दिवस बसवायचे. तयार कॅसेट, तयार चित्रे ते शक्यतो देत नसत. "विकतचं ताट वाढायला वेळ लागत न्हाई," म्हणायचे, "पण दुसऱ्या दिवशी चूल कोण पेटवणार?"

हात मागे बांधण्याचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले. ते तरुण असताना मुरगूडकडच्या एका शाळेत शिक्षक होते. एकदा एक अधिकारी जीपमधून फिल्मचा प्रोजेक्टर घेऊन आले. खिडक्यांना घोंगडी टांगली आणि मुलांना समुद्राचा चित्रपट दाखवला. लाटा, मासे, जहाजे. मुले खुळी झाली. जीपच्या मागे वेशीपर्यंत धावली. दुसऱ्या दिवशी सर खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहिले तर मुले त्यांच्याकडे बघतच नव्हती. एकाने विचारले, "गुर्जी, ते सायब परत कवा येणार?" सर मला म्हणाले, "आठ दिवस माझ्याकडं कुणी बघितलं न्हाई, कांबळेसाहेब. तो माणूस वाईट नव्हता. पोरांवर उपकारच केले त्यानं. पण जाताना माझ्या हातातला खडू मारून गेला." तेव्हाच त्यांनी ठरवले होते, की असे काम कधी आपल्याकडे आलेच, तर जीपमधला साहेब व्हायचे नाही.

म्हणून त्यांचा एकच हिशेब असायचा. पहिला पाठ ते धरतच नसत. "पहिला पाठ माझ्या भिडेखातर होतो," म्हणायचे. "मी नसताना, मला न सांगता, त्या शिक्षकानं दुसरा पाठ केला, तर मी काहीतरी केलं म्हणायचं." निवृत्त होण्याआधी असा दुसरा पाठ एका तरी वर्गात व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती इतकी लहान होती की मला कधी कधी त्यांची कीव यायची. ती कीवच पुढे नडली.

चंदगडकडची एक गोष्ट सांगतो. तिथल्या एका बाईंना कविता चालीवर म्हणायची लाज वाटायची. सरांनी त्यांच्याच आवाजात कविता टेप करायला लावली. दार बंद करून बाईंनी ती म्हटली आणि मग सरांच्या सांगण्यावरून बटण दाबून ऐकली. पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "अगं बाई! ही मी?" सर म्हणाले, "तुम्हीच. दुसरी कोण हाय हितं?" त्या दिवशी बाईंनी वर्गात ती कॅसेट लावली आणि मुलांबरोबर स्वतःही म्हटली, स्वतःच्याच आवाजाला आवाज देत. ही हकिगत सांगताना सर माझ्या टेबलावर बोटांनी ठेका धरत होते. पुढच्या वर्षी ते गेले तेव्हा बाईंची बदली झाली होती. टेपरेकॉर्डर मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता, प्लास्टिकच्या फुलांच्या शेजारी. त्यांची जागा घेणारे गुरुजी म्हणाले, "ते बाईंचं होतं. आम्हाला त्यातलं काय कळत न्हाई, आणि बिघडलं तर कुणी बघायचं?" सरांनी टेबलापाशी उभे राहून ती कॅसेट मागून घेतली. ती त्यांनी माझ्या कपाटात ठेवली. मग स्टुलावर बसले. त्या दिवशी लवंगेची डबी काढली नाही.

असे परतणे मी पुष्कळदा पाहिले. पावसात भिजून, कॅन्व्हासच्या बुटांतून पाणी काढत, पंच्यात गुंडाळलेला वायरचा बोर्ड काखेत मारून ते यायचे आणि नुसते बसून राहायचे. शाळेला भेट द्यायची तर आधी कळवण्याची पद्धत होती, आणि ती पत्रे टाकण्याचे काम माझ्याकडे होते, कारण माझे अक्षर चांगले होते. माझे वडील प्रौढांच्या वर्गात अक्षर शिकलेले. त्यांनी मला रोज एक पान गिरवायला लावून ते अक्षर घडवले होते. पोस्टकार्डावर मी लिहायचो, "अमुक तारखेस श्री. नदाफ आपल्या शाळेस भेट देतील. कळावे." एकदा, सर फारच खचून आलेले पाहिल्यावर, दुसऱ्या एका शाळेच्या कार्डावर मी आणखी एक ओळ घातली, "सरांना वर्गात साधनांचा उपयोग झालेला पाहून आनंद होईल, तरी तयारी असावी." माणसाने एवढ्या लांब जायचे तर निदान धूळ पुसलेली असावी, एवढाच माझा विचार होता. सर त्या दिवशी बरे परतले. मग पुढच्या प्रत्येक कार्डावर ती ओळ येत गेली. मी त्यांना सांगितले नाही.

राधानगरीच्या वरच्या अंगाला एक दोन शिक्षकांची शाळा होती. तिथले माने गुरुजी प्रशिक्षणाला आले तेव्हा सरांच्या नेहमीच्या प्रश्नाला त्यांनी खणखणीत उत्तर दिले, "बेडूक."

"बेडूक? तुमच्याकडं बेडकांना काय तोटा?"

"तोटा न्हाई, तेच सांगतोय. पोरं रोज बघत्यात. पण शेपटीचं ते काळं पिल्लू आन् हे बेडूक एकच, हे त्यास्नी पटतच न्हाई. पुस्तकातलं चित्र दाखवलं तर म्हणत्यात, गुर्जी, हा मासा हाय. एवढं शिकून मी त्यास्नी पटवू शकत न्हाई बघा."

सर स्टुलावरून उठलेच. संस्थेचा कॅमेरा त्यांनी माने गुरुजींच्या हाती दिला आणि फोटो कसा काढायचा ते शिकवले. त्या पावसाळ्यात माने गुरुजींनी भाताच्या खाचरातली अंडी एका काचेच्या बरणीत आणून शाळेच्या खिडकीत ठेवली आणि दीड-दोन महिने, तीन-चार दिवसांआड फोटो काढले. अंडी, शेपटी, मागचे पाय, पुढचे पाय, आखूड होत गेलेली शेपटी. त्यांच्या बारा स्लाइड झाल्या. पहिल्यांदा तो पाठ झाला तेव्हा सर वर्गात मागे उभे होते, हात बांधून. खिडक्यांना ओली घोंगडी. माने गुरुजी एकेक स्लाइड पुढे सरकवत होते. परत येऊन सर मला म्हणाले, "कांबळेसाहेब, मागचे पाय फुटले त्या चित्राला एक पोरगी उठून उभी राहिली. काय बोलली न्हाई. नुसती उभी राहिली." सरांचे डोळे भरले होते. "आणि माने माझ्याकडं बघतच नव्हते. मी वर्गात हाय हे विसरले होते ते. असा अपमान माझा रोज झाला तरी चालंल."

तेव्हापासून ती शाळा म्हणजे सरांचा आधार झाली. कुठल्याही प्रशिक्षणात ते सांगायचे, "राधानगरीकडं एक गुरुजी आहेत..." दर पावसाळ्यात ते तिथे जायचे. दर वर्षी चौथीचा नवा वर्ग, दर वर्षी बेडकाचा पाठ. परतल्यावर मी विचारायचो, "दुसरा पाठ?" सर म्हणायचे, "माने म्हणतात चालू हाय. त्यांच्यावर माझा भरवसा हाय." नवे शतक लागले, शाळांतून संगणक आले, त्याच स्लाइड कोल्हापुरातून संगणकावर उतरवून आणल्या. सरांचे केस पांढरे झाले. बाकीच्या शाळा एकेक करून त्यांनी बोलण्यातून सोडल्या. राधानगरीची राहिली.

निवृत्तीला काही महिने उरले तेव्हा ते म्हणाले, "एवढी वर्षं पत्रं टाकताय, एकदा चला तरी. एका वर्गात तरी आपलं काम जिवंत हाय, बघून तर घ्या." कार्ड मी आधीच टाकले होते. नेहमीच्या ओळीसकट.

आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. शेवटचा चढ चालत. पाऊस होता. सर त्या दिवशी थकल्यासारखे वाटत नव्हते. शाळेच्या दारात माने गुरुजी छत्री घेऊन उभे, सदऱ्याची इस्त्री अजून मोडलेली नव्हती. "या, या! वाटंकडंच बघत होतो." मुले धुतलेल्या कपड्यांत ओळीने बसलेली. संगणकावरचे कापड काढून घडी करून ठेवलेले. सर मागे जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे. मी त्यांच्या शेजारी.

पाठ सुरू झाला. माने गुरुजी चांगले शिकवत होते, हे मला आजही सांगायला हवे. त्यांचा आवाज मोठा, प्रश्न नेमके. पडद्यावर अंडी आली, मग शेपटीची पिल्ले. पुढचे चित्र यायच्या आधीच पहिल्या ओळीतली एक मुलगी उत्साहाने ओरडली, "आता मागचं पाय!"

माने गुरुजींचा हात क्षणभर थबकला. चित्र आले. मागचे पाय. दुसरे कुणीतरी म्हणाले, "मग फुडचं. मग शेपूट जाती." तिसरा त्याला ढोसत कुजबुजला, "गप की, आधी सांगायचं न्हाई म्हणाल्यात गुर्जी."

सर पुढे झाले. मुलीजवळ उकिडवे बसले. आवाजात राग नव्हता. "बाळ, हे कधी बघितलंस?"

"काल. परवाबी. आन् तिसरीत हुतो तवा."

"आणि एरवी गुरुजी यावर काय दाखवतात?"

तिला प्रश्न कळला नाही. तिने शेजारणीकडे पाहिले. शेजारीण म्हणाली, "एरवी झाकल्यालं असतंय. तुमी येणार म्हटलं की लावत्यात."

आणि पहिली मुलगी, सरांकडे बघून, अगदी मनापासून म्हणाली, "सर, तुमी रोज या की. मग आमाला रोज बघायला मिळंल."

सगळी मुले एकदम म्हणाली, "व्हय सर, रोज या!"

सर तसेच उकिडवे बसून राहिले. त्यांचा एक हात सुटून जमिनीवर टेकला होता. माने गुरुजी ओशाळे झाले होते, पण चोरी पकडल्यासारखे नव्हे, पानात काही वाढायचे राहून गेल्यासारखे. ते म्हणाले, "सर, तसं न्हवं. आता पावणा आल्यावर आपण मटणाचा रस्सा करतोच की न्हाई? रोज कोण करतंय? रोज आपली भाकरी-आमटी. तुम्ही आमच्यासाठी एवढ्या पावसात येता. तुमास्नी बरं वाटावं म्हणून पोरं आठ दिवस तयारी करत्यात." मग माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, "आणि साहेबांचं कार्डबी येतंय न्हवं. सगळी जपून ठेवल्यात." त्यांनी कपाटातून कार्डांची चवड काढली. दोऱ्याने बांधलेली. सरांनी ती हातात घेतली, वरचे कार्ड वाचले, मग खालचे, मग त्याच्या खालचे. सगळी वाचली. पुन्हा दोरा बांधला आणि माने गुरुजींना परत दिली. "पाठ छान झाला," त्यांना म्हणाले. मुलांना म्हणाले, "चला, येतो." निघताना त्यांनी प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. कुणावर चिडले असते तर मला सोपे गेले असते.

परतीच्या गाडीत आम्ही एकाच बाकावर होतो. खिडकीची काच बसत नव्हती, पाऊस त्यांच्या बाहीवर येत होता, आणि ते सरकत नव्हते. मी दोन-तीनदा बोलायला तोंड उघडले. कोल्हापूर जवळ आल्यावर तेच म्हणाले, "अक्षर चांगलंय तुमचं."

एवढेच. त्या विषयावर ते माझ्याशी दुसरे वाक्य कधी बोलले नाहीत.

निवृत्तीच्या समारंभाला त्यांनी भाषण केले नाही. शाल घेतली, नमस्कार केला, घरी गेले. पुढे कुणी शिक्षकांसमोर बोलायला बोलावले तरी ते जात नसत. वर्षभरात आजारपण सुरू झाले. मी महिन्यातून एकदा सदर बाजारातल्या त्यांच्या घरी जायचो. भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा आणायच्या आणि दारातच हळू आवाजात म्हणायच्या, "तुमच्याशी तरी बोलतात काय बघा. आमच्याशी न्हाई बोलत." माझ्याशीही बोलत नसत. मी एखादे पुस्तक घेऊन जायचो, थोडे वाचून दाखवायचो. ते डोळे मिटून पडायचे. ऐकत होते की नाही, मला कधीच कळले नाही.

शेवटच्या आधीच्या भेटीत मात्र ते बोलले. वडिलांनी भरलेल्या जुन्या गादीवर पडले होते. तिचा कापूस पार दडपला होता. मी सहज म्हणालो, "ही पिंजून घ्यायला पाहिजे."

"कोण पिंजणार? माझ्या बापाबरोबर गेलं ते." दम लागत होता, थांबत थांबत बोलत होते. "बाप गादी शिवून दिली की त्या घरी परत जायचा न्हाई. झोप लागली का, म्हणून विचारायचा न्हाई. मी काय केलं, कांबळेसाहेब? दर वर्षी जाऊन बघत राहिलो, झोप लागली का. आता कुणी उशाशी येऊन उभारलं, तर माणूस झोपंल का? डोळं मिटून पडंल. पावण्याला बरं वाटावं म्हणून."

मी म्हणालो, "सर, ती कार्डं मी... चूक माझी होती."

त्यांनी हात हलवला. पंख्याकडे बघत म्हणाले, "मुरगुडात जीप आलती ना, तेव्हा पोरं म्हणालती, ते सायब परत कवा येणार. आणि मला म्हणाली, रोज या. तेच झालं की शेवटी." मग भिंतीकडे कूस वळवली. मला क्षमा मिळाली की नाही, हे मी इतकी वर्षे ठरवू शकलेलो नाही. बहुधा त्यांनी तो विचारच केला नसावा. त्यांना माझ्यावर रागावण्याइतकीही आशा उरली नव्हती.

ते गेले तेव्हा दफनाला थोडीच माणसे होती. घरचे, गल्लीतले, संस्थेतले आम्ही तिघे. जिल्ह्यातल्या इतक्या शिक्षकांना त्यांनी शिकवले, त्यांतले एकटे माने गुरुजी आले होते, राधानगरीहून, दोन गाड्या बदलून. टोपी हातात घेऊन ते लहान मुलासारखे रडत होते. माती देऊन झाल्यावर माझ्याजवळ आले. "लई मोठा माणूस," म्हणाले. "आता पाठ कुणासाठी लावायचा?" ते खरोखरच विचारत होते.

काही महिन्यांनी भाभींनी मला एक पुठ्ठ्याची डबी दिली. आत बेडकाच्या बारा मूळ स्लाइड, आणि सरांच्या अक्षरातली चिठ्ठी, "माने गुरुजींचे आहे. त्यांना द्यावे." मी कार्ड टाकले नाही. न कळवता गेलो. आयुष्यात एकदा तरी त्यांच्या मनासारखे जावे, असे वाटले.

चढ चढून शाळेपाशी पोहोचलो तेव्हा वर्ग चालू होता. मी व्हरांड्यात भिंतीआड थांबलो. माने गुरुजी भागाकार शिकवत होते. फळा, खडू, आणि बाकांवर ठेवलेली करंजाची पाने. बारा पाने चौघांत कशी वाटायची, यावरून मुलांची खरीखुरी भांडणे चालली होती. "गुर्जी, ह्यो चार घेतोय!" "दे परत, न्हाई तर बाकी कुणाला लावू?" हशा, आरडाओरडा. चांगले शिकवत होते. संगणक कोपऱ्यात कापडाखाली होता आणि त्या वर्गाचे त्याच्यावाचून काही अडलेले नव्हते. तिथे उभे असताना मला वाटले, सर असते तर त्यांनी या पानांकडे बघून विचारले असते, हा कापूस कुणाचा? आणि मग कदाचित त्यातूनच काही निघाले असते. आता विचारणारे कुणी नव्हते.

तेवढ्यात एका मुलाने मला पाहिले. माने गुरुजी वळले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, या, या! कार्ड न्हाई, काय न्हाई, आणि एकदम?" मी डबी पुढे करणार, तोवर त्यांनी मुलांकडे वळून टाळी वाजवली. "पोरांनो, कोल्हापूरचं पावणं आल्यात. पानं ठेवा. चला, बेडूक!"

मुले आनंदाने ओरडत उठली. पाने जमिनीवर सांडली. 'नको, तुमचा भागाकार चालू द्या' एवढेच मला म्हणायचे होते. म्हणालो नाही. माने गुरुजींनी संगणकावरचे कापड काढून व्यवस्थित घडी केली. मी मागे जाऊन उभा राहिलो. खिडक्या लावल्या गेल्या. अंडी आली. शेपटी आली. "आता मागचं पाय," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. आता गप्प बसा असे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते.

पाठ संपल्यावर माने गुरुजी कपाळावरचा घाम पुसत माझ्याजवळ आले. "कसा झाला?"

"छान झाला," मी म्हणालो.

ते समाधानाने हसले. डबी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, कपाटात कार्डांच्या चवडीजवळ ठेवली. मला पोचवायला वेशीपर्यंत आले. "सर असते तर खूश झाले असते," म्हणाले. गाडी वळणावर दिसली तसे पुन्हा म्हणाले, "पुढच्या टायमाला तेवढं कार्ड टाका की साहेब. तुमची ती ओळ असली की पोरांना हुरूप येतोय. आज तयारीच नव्हती."

"टाकतो," मी म्हणालो, आणि गाडीत चढलो.